मोठा दगड फोडताना शरीराचं काय होतं?

तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये, दारासमोरच्या रस्त्यात आणि रेल्वेच्या रुळांखाली जी काळी खडी असते, ती डोंगरातून खडी म्हणून निघत नाही. आधी सुरुंग लागतो, त्यातून दगड निघतात, ते क्रशरमध्ये जातात आणि मग खडी होते. सुरुंग आणि क्रशर यांच्या मधे एक टप्पा आहे. त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, पण माझ्या ओपीडीत येणारे बरेच पेशंट त्याच टप्प्यावर काम करतात. म्हणून आज बीपी, शुगर आणि थायरॉइड थोडं बाजूला ठेवू.

सुरुंगाने कडा फोडली की सगळे दगड सारख्या आकाराचे पडत नाहीत. काही मुठीएवढे होतात, काही टोपलीएवढे, आणि काही थेट कपाटाएवढे. क्रशरला लोखंडी जबडा असतो आणि त्याच्या तोंडाचं माप ठरलेलं असतं. त्या मापाच्या साधारण ८० टक्क्यांपेक्षा मोठा दगड आत घालू नये, असा ढोबळ नियम आहे. घातला तर तो तोंडात अडकतो, क्रशर बंद पडतो आणि मुकादमाचा आवाज वाढतो. या मोठ्या दगडांना खाणीवर 'बोल्डर' म्हणतात. आपल्या काळ्या पाषाणाचा एक मीटर लांब, रुंद, उंच असा एक बोल्डर जवळपास पावणेतीन-तीन टनांचा भरतो. एखाद्या छोट्या कारच्या दुपटीहून जास्त वजन त्या एका दगडात असतं! तो फोडल्याशिवाय पुढचं काम हलत नाही.

फोडण्याच्या पद्धती मोजक्याच आहेत. जुनी पद्धत घणाची. अनुभवी माणूस दगडाभोवती एक फेरी मारतो, त्याची नस बघतो आणि नेमक्या जागी घाव घालतो. नस सापडली तर चार घावांत काम होतं, नाही सापडली तर चाळीस घाव घालूनही नुसत्या ठिणग्या उडतात. दुसरी पद्धत म्हणजे ओळीने भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी ठोकायच्या आणि दगड उभा चिरायचा. आता बहुतेक मोठ्या खाणींवर पोकलेनच्या हाताला ब्रेकर लावलेला दिसतो. काही ठिकाणी जड लोखंडी गोळा उंचावरून टाकतात. आणि काही ठिकाणी, दुर्दैवाने अजूनही, बोल्डरला पुन्हा सुरुंग लावतात.

(एक गंमत सांगतो. मूतखडा दोन सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल तर पाठीतून छोटं भोक पाडून तो आत फोडून काढतात. त्यासाठी वापरलं जाणारं न्यूमॅटिक लिथोट्रिप्टर नावाचं उपकरण जॅकहॅमरच्याच तत्त्वावर चालतं, हवेच्या दाबावर दांडा पुढे-मागे ठोकला जातो. माझा एक युरोलॉजिस्ट मित्र स्वतःला 'खाण कामगार' म्हणवून घेतो. फरक इतकाच की त्याच्या थिएटरला एसी असतो.)

डोळा: दुखत नाही म्हणून घरी जाऊ नका

खाणीवरच्या दुखापतींपैकी मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती डोळ्याची, आणि त्यातही न दुखणाऱ्या डोळ्याची.

घण किंवा हातोडा छिन्नीवर पुन्हा पुन्हा पडला की छिन्नीचं डोकं चेपतं आणि त्याच्या कडा बाहेर पसरतात. एखाद्या घावाला त्या कडेचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा सुटतो. तो इतका लहान आणि इतका वेगवान असतो की बुबुळातून आत जाताना नीट जाणवतही नाही. डोळ्यात 'टच्' झाल्यासारखं वाटतं, थोडं पाणी येतं, आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. जखम एवढी बारीक असते की ती आपोआप बुजते.

गेल्या पावसाळ्याआधी एक तिशीतली बाई माझ्याकडे आली ती कंबरदुखीसाठी. बोलता बोलता म्हणाली, "डॉक्टर, या डोळ्याने दोन आठवडे झाले धुरकट दिसतंय. दुखत मात्र नाही." नवरा पाचर ठोकत होता आणि ती शेजारी बसून खडी वेचत होती, तेव्हा 'काहीतरी उडालं' होतं. मी बॅटरीने पाहिलं तर एका बाजूची बाहुली किंचित ओढल्यासारखी दिसली. त्याच दिवशी तिला डोळ्यांच्या रुग्णालयात पाठवलं. सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या आत लोखंडाचा कण सापडला आणि ऑपरेशन करून तो काढला. तिची नजर पूर्ण परत आली नाही, पण डोळा वाचला.

लोखंडाचा कण डोळ्यात राहिला तर तो आत गंजतो. ते लोह हळूहळू पडद्यात झिरपतं आणि आठवड्यांत-महिन्यांत नजर घेऊन जातं. म्हणून नियम साधा ठेवा. लोखंडावर लोखंड आपटताना डोळ्यात काही उडाल्याची शंका आली, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि काम काय करत होता तेही सांगा. तोपर्यंत डोळा चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कपासारखं काहीतरी डोळ्याला न टेकवता वर झाकण म्हणून धरा. कुठे लोखंडाचा कण असण्याची शक्यता असेल तर एमआरआय करायचा नाही, कारण चुंबकाने तो कण आत हलू शकतो. हे पेशंटनेही लक्षात ठेवावं, फक्त आमच्यावर सोडू नये.

बुबुळाच्या वरच्या थरात रुतलेला साधा दगडाचा कण ही वेगळी गोष्ट. तो भरपूर खुपतो, म्हणून माणूस लगेच येतो. पदराच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने तो काढण्याचे प्रयोग आजही होतात. त्यातून बुबुळावर जखम होते आणि तिच्यात जंतू शिरतात. मेडिकलमधून 'लाली घालवणारे' म्हणून मिळणारे थेंब तर मुळीच घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल तर जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो.

इथे एक अपवाद आहे. काही ठिकाणी सुरुंगाऐवजी बोल्डरमध्ये भोकं पाडून चुन्याच्या जातीची भुकटी पाण्यात कालवून भरतात. ती काही तासांत फुगते आणि आवाज न करता दगड चिरते. पद्धत चांगली आहे, पण ते मिश्रण तीव्र अल्कली असतं आणि कधी कधी भोकातून उसळून वर उडतं. ते डोळ्यात गेलं तर मात्र एक क्षणही न थांबता डोळा धुवायचा. मिळेल त्या स्वच्छ पाण्याने, अर्धा तास, पापणी उघडी धरून. दवाखान्यात त्यानंतर यायचं. अल्कलीच्या बाबतीत डोळा वाचतो तो जागेवर ओतलेल्या पाण्याने, आम्ही नंतर घातलेल्या थेंबांनी नाही.

छाती: आधी विचारा, आधी कुठे काम केलंत?

"डॉक्टर, खडीच्या धुळीने टीबी होतो का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. थेट उत्तर असं, की टीबी जंतूंमुळे होतो, धुळीमुळे नाही. पण विशिष्ट प्रकारची धूळ छातीत साठलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. याचं कारण समजून घ्यायला हवं.

डोळ्याला दिसणारी धूळ फारशी धोकादायक नसते. ती नाकात, घशात अडकते आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. खरा त्रास होतो तो साधारण पाच मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा. केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरली तर अंदाज येईल. हे कण दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. तिथे आपल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. कण क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा असेल, तर तो पचत नाही. पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. या न संपणाऱ्या भांडणात त्या जागी व्रणाच्या गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. आणि टीबीच्या जंतूंना रोखून धरण्याचं काम याच भक्षक पेशींचं असतं. त्याच कामातून गेल्या तर टीबीला दार उघडंच. दगड नुकताच फुटलेला असताना त्याच्या ताज्या पृष्ठभागाचे कण जुन्या, पडून राहिलेल्या धुळीपेक्षा जास्त घातक असतात, हेही प्रयोगांतून दिसून आलेलं आहे. म्हणजे बोल्डर फुटतानाची धूळ ही घरातल्या कपाटावरच्या धुळीसारखी नाही.

आता एक दिलासा देणारी गोष्ट. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, त्यात मोकळा क्वार्ट्झ फार कमी असतो. रासायनिक तपासणीत सिलिका जवळजवळ निम्मी दिसते, पण ती इतर खनिजांत बांधलेली असते. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म फोडणाऱ्यांना जेवढा सिलिकोसिसचा धोका, तेवढा बेसॉल्टमध्ये नाही. 'नाही' असं मात्र नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांमधून पांढऱ्या, चकचकीत गारा भरलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, त्या बऱ्याचदा क्वार्ट्झच्याच जातीच्या असतात. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस फार आढळतो, आणि तो अकीक मुळात दख्खनच्या याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेला. शिवाय क्वार्ट्झ नसलेली धूळही वर्षानुवर्षं आत गेली तर श्वासनलिकांना कायमची सूज येते, आणि जोडीला बिडी असेल तर विचारूच नका.

म्हणूनच दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आलेल्या एका पेशंटचा एक्स-रे पाहून मी थबकलो. वय पंचेचाळीस. आमच्याकडच्या खाणीवर आठ वर्षं घण चालवत होता. जिना चढताना धाप लागायची, वजन उतरलं होतं. दोन वेळा टीबीचा कोर्स झाला होता, दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक गाठींचा सडा होता आणि छातीच्या मधल्या काही ग्रंथींना अंड्याच्या कवचासारखी चुन्याची कड होती. नुसत्या काळ्या पाषाणात आठ वर्षांत असा एक्स-रे होणं मला पटेना. मी त्याला विचारलं, "भैया, इथे यायच्या आधी काय करत होतास?" तो म्हणाला, "तेच, पत्थर तोडायचो. गावाकडे. चौदा साल."

गाव करौलीकडचं. राजस्थानातला वालुकाश्म, जो बहुतांश क्वार्ट्झचाच बनलेला असतो. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापासून तोंडाला गमछा बांधून त्याने तो फोडला होता. इकडे येऊन आठ वर्षं झाली तरी आजार थांबला नव्हता, कारण सिलिकोसिस हा धुळीपासून दूर गेल्यावरही पुढे सरकत राहू शकतो. 'तुमचा व्यवसाय काय?' हा प्रश्न पेशंटला विचारा, असं बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं. त्यात मी एवढीच भर घालेन की 'आणि त्याआधी काय होता?' हेही विचारा.

त्याची थुंकी सीबीनॅट तपासणीला पाठवली, कारण सिलिकोसिस आहे म्हणून टीबी नाही असं गृहीत धरता येत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि असले तर टीबीचे उपचार कधी कधी नेहमीपेक्षा लांबवावे लागतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तेव्हा त्याला जे सांगायचं होतं ते सांगावं लागलं: या गाठी विरघळवणारं औषध अजून नाही. घण सोडायचा, बिडी सोडायची, फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्यायची, श्वासाचे व्यायाम करायचे, आणि खोकला-ताप वाढला की टीबीची तपासणी पुन्हा करायची. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "लडका भी यहीं घण मारतो, साब." मुलगा बाहेर बाकावर बसला होता, एकोणीस वर्षांचा.

त्या दोघांबद्दल पुढे लिहितोच. पण आधी मास्कबद्दल. गमछा, रुमाल, ओढणी यांनी मोठी धूळ अडते, पाच मायक्रॉनची नाही. कोविडमुळे एन-९५ मास्क सगळ्यांना माहीत झाला, तोच इथे लागतो. पण तोही चेहऱ्याला चिकटून बसला तरच उपयोगाचा, वाढलेल्या दाढीवर तो बसत नाही. मे महिन्याच्या उन्हात घण मारताना आठ तास एन-९५ लावून दाखवा असं मला कोणी म्हटलं तर मलाही ते जमणार नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: मास्क हा शेवटचा उपाय. पहिला उपाय पाणी. दगड फोडण्याआधी त्यावर पाणी मारणं, होल मारताना कोरडं न मारता पाणी सोडून मारणं, क्रशरच्या तोंडावर फवारे ठेवणं. याला खर्च फार नाही, फक्त कोणीतरी रोज नळ उघडावा लागतो.

हात, कान आणि ब्रेकरचा ड्रायव्हर

जॅकहॅमर चालवणाऱ्यांना हातात मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, शर्टचं बटण लावताना बोटांत जोर वाटत नाही. ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरने १९१८ मध्ये इंडियाना राज्यात बेडफर्ड इथे हवेच्या हातोड्याने चुनखडक कोरणाऱ्या कामगारांची तपासणी केली होती. थंड सकाळी त्यांची बोटं पांढरीफटक पडायची, आणि छिन्नी धरणारा डावा हात जास्त बिघडलेला असायचा. आपल्या उष्ण हवेत बोटं पांढरी पडणं तितकं दिसत नाही, म्हणून आपल्याकडे हा आजार नाहीच असा समज आहे. पण मुंग्या, बधिरपणा आणि पकड सुटणं हे आपल्याकडेही दिसतं, आणि ते बऱ्याचदा 'व्हिटॅमिन कमी आहे' म्हणून सुया घेण्यात जातं. सुरुवातीला काम बदललं तर सुधारणा होते. उशीर झाला तर बधिरपणा राहतो.

कानाचं थोडक्यात सांगतो. आठ तासांसाठी ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो जेमतेम पंधरा मिनिटं उरतो. चालू ब्रेकरजवळ उभं राहून शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही त्या मर्यादेच्या बाहेर आहात. गेलेली ऐकण्याची ताकद परत येत नाही. कानात कापूस घालून काही होत नाही, इअरप्लग लागतात.

ब्रेकर आल्यापासून घणाच्या दुखापती कमी झाल्या, हे मी माझ्या ओपीडीतही पाहतो. यंत्र आलं म्हणजे वाईट झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. ड्रायव्हर काचेच्या केबिनमध्ये असतो, दगडापासून लांब. मात्र एसी बिघडला की तो काच उघडतो, आणि मग धूळ, आवाज, कपच्या सगळं आत येतं. एसीची दुरुस्ती हा आरामाचा नाही, आरोग्याचा खर्च आहे, असं मी एका मालकाला सांगितलं तेव्हा तो हसला होता. महिन्याभराने त्याने दुरुस्ती करून घेतली.

पण ब्रेकरसोबत एक नवी दुखापत आली आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नाही. ब्रेकरला जाणाऱ्या पाइपांत तेल प्रचंड दाबाखाली असतं, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पन्नास-साठ पटींनी आणि त्याहूनही जास्त. पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेलाची अदृश्य चिळकांडी उडते. गळती कुठे आहे ते पाहायला हेल्पर पाइपवरून बोट फिरवतो, आणि ती चिळकांडी कातडी भेदून बोटात शिरते. जखम दिसते मुंगी चावल्याएवढी. पहिले एक-दोन तास फारसं दुखतही नाही. आत मात्र ते तेल स्नायुबंधांच्या कडेने तळव्यापर्यंत पसरलेलं असतं. रात्री बोट काळंनिळं होतं, ठणका लागतो, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी ब्रेकर, पोकलेन, जेसीबीवर काम करत असेल तर एवढं एक वाक्य पाठ करा: "बोटात प्रेशरचं ऑइल घुसलंय." दवाखान्यात हे सांगा. 'बोटाला लागलंय' असं सांगितलंत तर ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. बोट गरम पाण्यात बुडवू नका, दाबून तेल काढायचा प्रयत्न करू नका. हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन असतील तिथे काही तासांच्या आत पोहोचा. आणि गळती शोधायची तर पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधा, पाइपला हात लावण्याआधी मशीन बंद करून दाब उतरवा.

पुन्हा सुरुंग

बोल्डरवरच दारू ठेवून, वर चिखल लिंपून उडवण्याची पद्धत मला डॉक्टर म्हणून सगळ्यात नापसंत आहे. स्फोटाची बरीचशी ताकद हवेत जाते, त्यामुळे दारू जास्त लागते, आवाज प्रचंड होतो आणि कपच्या कुठे जातील याचा नेम नसतो. बोल्डरमध्ये होल मारून उडवणं त्यापेक्षा बरं, पण कपच्यांचा धोका त्यातही आहेच. दुसरा धोका असा की पहिल्या स्फोटात न फुटलेली दारू बोल्डरच्या जुन्या होलात अडकलेली असू शकते. तिच्यावर घण, ड्रिल किंवा ब्रेकर पडला तर काय होईल ते सांगायला नको. जुन्या होलाचा तुकडा दगडात दिसला की तिथे हात लावायचा नाही, फोरमनला बोलवायचं.

धुराबद्दल एकच सांगतो. स्फोटानंतर तांबूस-नारिंगी धूर दिसला तर तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा असतो. तो छातीत गेल्यावर थोडा खोकला येऊन माणूस बरा वाटू शकतो, आणि काही तासांनी, बहुधा रात्री, फुप्फुसात पाणी भरून जीव गुदमरू लागतो. असा धूर घेतलेल्या माणसाला घरी झोपायला पाठवू नका, रुग्णालयात नजरेखाली ठेवा.

खरं तर बोल्डर जितके कमी, तितके माझे पेशंट कमी. होलाच्या वरच्या भागात दारू नसते, तिथे माती-चुरा ठासलेला असतो, म्हणून वरचा थर नीट फुटत नाही आणि तिथूनच बरेच मोठे दगड येतात. खडकात आधीपासून मोठ्या भेगा असतील तर सुरुंग दगड फोडण्याऐवजी नुसता सुटा करतो. होलांमधलं अंतर आणि दारूची मांडणी खडक पाहून ठरवली तर बोल्डर लक्षणीय कमी होतात. हे काम इंजिनिअरचं आहे, डॉक्टरचं नाही. पण एखाद्या मालकाने मला विचारलं की कामगारांच्या तब्येतीसाठी काय करू, तर आरोग्य शिबिराच्या आधी मी त्याला ब्लास्टिंगचा चांगला माणूस ठेवायला सांगतो.

करौलीच्या त्या पेशंटबद्दल सांगायचं राहिलं. सिलिकोसिस हा आपल्याकडे नोंद करावा लागणारा आणि भरपाई मिळू शकणारा व्यावसायिक आजार आहे. राजस्थानने तर २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणलं. तिथे नोंदणी होते, वैद्यकीय बोर्ड तपासणी करून प्रमाणपत्र देतं आणि मदत मिळते. अडचण होती ती पुराव्याची. चौदा वर्षांत कोणी हजेरीकार्ड दिलेलं नव्हतं. मी एक्स-रे, स्पायरोमेट्री आणि कामाचा सगळा इतिहास लिहून पत्र दिलं, त्याने गावाकडच्या जुन्या सोबत्यांची नावं गोळा केली आणि तो परत गेला. चार महिन्यांनी मुलाच्या फोनवरून त्याने कळवलं की प्रमाणपत्र मिळालं. धाप आहेच.

मुलगा इथेच राहिला. त्याचा एक्स-रे स्वच्छ आहे, फुंकण्याची तपासणी नॉर्मल आहे. घण सोड असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला की ब्रेकर शिकायला मिळाला तर सोडतो. सध्या तो हेल्पर आहे आणि दर वर्षी तपासणीला येतो. त्याला मी एक वही करायला लावली आहे, तुमच्या घरात कोणी दगडाच्या कामावर असेल तर त्यांनाही करायला सांगा. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणता दगड, कोणतं काम, कोणाकडे, सोबत कोण होतं. प्रत्येक एक्स-रेची तारीख. सुरुवातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्रीचा कागद त्याच वहीत चिकटवून ठेवायचा, कारण पुढे तुलना करायला तोच लागतो. दवाखान्यात येताना औषधांच्या पिशवीसोबत ती वहीही आणायची.